तुम्ही विचारलंत म्हणून: नवख्याने अवघड डोंगरवाट घ्यावी का?

डोंगरात नव्याने जाऊ लागलेली मंडळी मला एक प्रश्न वरचेवर विचारतात: "आतापर्यंत सोप्या पायवाटांवर चाललो आहे, आता एखादी अवघड वाट मला झेपेल का?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा माथा असतो आणि धास्ती असते ती चढणीवर लागणाऱ्या दमाची. मी मात्र त्याला आधी उतरणीबद्दल विचारतो. दिवसभर चालून पाय थकलेले असताना, मुरमाड उतारावर, तासभर न घसरता तुम्हाला खाली येता येते का? याचे उत्तर होकारार्थी असेल, तर तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही बरेचसे होकारार्थी आहे.

याचे कारण आपल्या स्नायूंच्या कामात आहे. चढताना मांडीचे पुढचे स्नायू आखडतात आणि शरीराचे वजन वर उचलतात. त्यात श्वास फुलतो, छाती धडधडते, पण काही मिनिटे थांबले की माणूस बराच सावरतो. उतरताना मात्र तेच स्नायू भार पेलत असतानाच ताणले जातात आणि प्रत्येक पावलाला शरीराचा वेग रोखून धरतात. यात दम फारसा लागत नाही, त्यामुळे आपण थकत चाललो आहोत हे ध्यानात येत नाही. तंतूंना सूक्ष्म इजा मात्र होत राहते आणि पायांतली ताकद उतरणीवरच कमी होऊ लागते. मांड्यांचा खरा ठणका तर पुढच्या एक ते तीन दिवसांत जाणवतो, म्हणजे चूक कुठे झाली हे कळायला शरीरही उशीर लावते.

मी हे अनेकदा जवळून पाहिले आहे. चढणीवर सर्वांच्या पुढे असलेला एक तरुण सोबती परतताना घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खड्यांच्या उतारावर, आला आणि त्याची चाल एकदम बदलली. पाऊल टाकण्यापूर्वी त्याचा गुडघा थरथरत होता, शरीर भीतीने मागे झुकले होते, आणि मागे झुकल्यामुळेच बुटाच्या तळव्यावर पुरेसा भार पडत नव्हता. पायाखालचे बारीक खडे सुटत होते आणि तो पुन्हा पुन्हा बसत होता. त्याला थांबवून आम्ही पाणी दिले, खायला दिले, बुटांच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट बांधून दिल्या आणि गुडघे किंचित वाकवून, अंग थोडे पुढे ठेवून, लहान लहान पावले टाकायला सांगितले. तो सुखरूप खाली आला. दमसासात तो कुणालाही मागे टाकेल असा होता. उतरण्याचा सराव तेवढा त्याच्यापाशी नव्हता.

हा सराव करता येतो, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. स्नायूंना उतरणीचा ताण एकदा बेताने दिला, की पुढचे काही आठवडे तशाच ताणाने होणारी इजा बरीच कमी होते. म्हणून अवघड वाटेपूर्वीच्या महिन्यात पाठीवर सॅक घेऊन जिने उतरावेत, लहान टेकडी चढून सावकाश उतरावी, आणि दर खेपेला उतरणीची लांबी थोडी वाढवावी. जिना चढून जाणे आणि लिफ्टने खाली येणे हा व्यायाम चांगला असला, तरी त्यातून नेमका हवा तोच भाग गळतो. उतरताना अंगठा बुटाच्या टोकाला आदळत असेल, तर ते बूट त्या वाटेवर नेऊ नयेत. लांब उतरणीवर नखे काळी पडतात ती याच कारणाने.

वाटेच्या अवघडपणाची श्रेणी समजून घेणे हेही महत्त्वाचे आहे. स्विस आल्पाइन क्लबच्या मापात पायवाटांच्या टी१ ते टी६ अशा सहा श्रेणी आहेत. टी१ ही सरळ चालण्याची वाट, टी३ वर तोल सांभाळायला अधूनमधून हात लागू शकतात आणि टी४ पासून पुढे सरकण्यासाठीच काही जागी हातांचा आधार घ्यावा लागतो. तुमची वाट अशा मापात बसवलेली नसली, तरी एवढे जरूर विचारावे: हात कुठे लागतात, निसरडा कातळ किती आहे, आणि पाय घसरला तर माणूस कुठे जाऊन थांबेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "दरीत" असे असेल, तर तिथे अनुभवी सोबत्याशिवाय जाऊ नये, मग पाय कितीही तयार असोत. रॉक पॅच, म्हणजे वाटेतला कातळाचा उभा टप्पा, उतरताना तोंड कातळाकडे ठेवावे आणि दोन हात, दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत.

उरला वेळेचा हिशेब. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 साली मांडलेला अंदाज आजही उपयोगी पडतो: सुमारे 5 किलोमीटर अंतराला 1 तास, आणि त्याशिवाय दर 600 मीटर चढाईला आणखी 1 तास. जाऊन-येऊन 12 किलोमीटर आणि 900 मीटर चढाई असलेल्या वाटेला यानुसार जवळजवळ 4 तास लागतात. पुढे ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगम्युअर यांनी यात उतरणीची दुरुस्ती केली आणि तीव्र उतारावर दर 300 मीटरला 10 मिनिटे वाढवायला सांगितली. म्हणजे आणखी अर्धा तास. यात विश्रांती धरलेली नाही, आणि हा अंदाज सरावलेल्या माणसाचा आहे. नवख्याने याच्या दीडपट वेळ धरावा, म्हणजे साडेसहा ते सात तास, आणि अंधार पडण्याच्या वेळेतून तो वजा करून निघण्याची वेळ ठरवावी. हेडटॉर्च तरीही सॅकमध्ये असावा. उंची 1000 मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, तेव्हा वाऱ्यापावसाचे जाकीटही हवे.

माघारीची वेळ घरीच, निवांत डोक्याने ठरवावी, कागदावर लिहावी आणि सोबत्यांना सांगावी, कारण माथा समोर दिसू लागला की मन हिशेब मानत नाही. त्या वेळी तुम्ही जिथे असाल तिथून वळायचे. आणि घरच्या एका माणसाला वाटेचे नाव व परतण्याची वेळ सांगून ठेवावी. कोणत्या घटकेनंतर मदत मागायची, हे त्याच्याशी बोलून आधीच नक्की करावे.

इतके जुळत असेल, तर यंदाच जा. जिने उतरताना अजून गुडघे थरथरत असतील, तर तीच वाट पुढच्या मोसमासाठी राखून ठेवा आणि तोवर लहान टेकड्या उतरत राहा.