कापराचा वास आणि दोन जुनी पेने

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पथारीवर जे मांडलेले असते, त्यात गंजकी कुलपे, अडकित्ते आणि घड्याळांचे सुटे भाग यांच्यामध्ये कधी कधी एखाद्या पत्र्याच्या डब्यात फाउंटन पेनेही निघतात. तीन वर्षांपूर्वी अशाच एका डब्यातून मी साडेसातशे रुपयांत दोन पेने घेतली. एक मेबी टॉड कंपनीचे काळे ‘स्वान’, तर दुसरे हिरव्या संगमरवरी छटेचे ‘कॉनवे स्टुअर्ट’. दोन्ही इंग्लंडमध्ये बनलेली, दोन्हींच्या नळीवर शाई भरण्याचा खटका, आणि दोन्ही खटके जागच्या जागी अडकलेले. त्यातले पहिले मी स्वतःच्या हाताने बिघडवले, म्हणूनच दुसरे वाचले.

स्वानमध्ये शाई वाळून दगड झाली होती. पाण्यात भिजत ठेवले की ती सुटते एवढे मला ठाऊक होते, म्हणून मी टोपणासकट सगळे पेन रात्रभर ग्लासभर पाण्यात बुडवून ठेवले. सकाळी शाई सुटली होती खरी, पण काळेभोर पेन पोलिसांच्या गणवेशासारखे खाकी झाले होते. स्वानचे अंग एबोनाइटचे, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराचे असते. वर्षानुवर्षे उजेड लागून त्याच्या पृष्ठभागावरील गंधकात बदल झालेला असतो, तो वरून दिसत नाही, आणि पाणी लागले की काळेपणा उडून तो उघडा पडतो. अशा पेनाचे निबेकडचे टोक तेवढे पाण्यात धरायचे असते, हे मला नंतर समजले.

त्यामुळे कॉनवे स्टुअर्टला हात लावण्यापूर्वी ते कशाचे बनलेले आहे हे ओळखणे भाग होते. या कंपनीने काही पेने सेल्युलॉइडची केली आणि काही केसीनची, म्हणजे दुधातल्या प्रथिनापासून बनवलेल्या प्लॅस्टिकची. दोन्हींचे रंग सारखेच देखणे असतात, मात्र केसीन पाणी पिऊन फुगते आणि त्याला तडे जातात. दोन्हींतला फरक डोळ्यांना कळत नाही, नाकाला कळतो. पेनाची नळी अंगठ्याने जोरजोरात घासून गरम करायची आणि लगेच हुंगायची. एबोनाइटला गंधकाचा उग्र दर्प येतो, केसीनला ओल्या लोकरीसारखा आणि सेल्युलॉइडला चक्क कापराचा, कारण ते तयार करताना त्यात कापूरच घातलेला असतो. मी घासले, हुंगले आणि आरतीच्या तबकाची आठवण झाली. पाण्याची भीती गेली, मात्र आगीची आली, कारण सेल्युलॉइड कापरासारखेच भडकन पेट घेते.

खटक्याची रचना साधी आहे. आयोवातील फोर्ट मॅडिसनच्या वॉल्टर शेफर या जवाहिऱ्याने 1908 साली तिचे पेटंट घेतले. नळीच्या आत रबराची लांबट पिशवी आणि तिच्यालगत एक पोलादी पट्टी असते. खटका उचलला की पट्टी पिशवीला दाबते आणि आतली हवा बाहेर पडते. खटका मिटला की पिशवी पुन्हा फुगून शाई ओढून घेते. पन्नास-साठ वर्षांत ही पिशवी वाळून ठिसूळ होते, आणि कुणी जोर करून खटका उचललाच तर खटका तरी मोडतो, नाहीतर नळी तरी फुटते.

म्हणून आधी सेक्शन, म्हणजे बोटांत धरायचा निबेचा भाग, नळीपासून वेगळा करायचा असतो. मी केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा सांध्यावर फिरवत राहिलो आणि बोटाला चटका सोसेनासा झाला की थांबत गेलो. पहिल्या दिवशी काहीच हलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आधीच्या कुणी दुरुस्ती करणाऱ्याने झटपट चिकटणारा गोंद वापरला असावा, असा संशय येऊन मी त्याला मनातल्या मनात बरेच बोललो. चौथ्या दिवशी सांध्यातून ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि सेक्शन केसभर फिरला. सांध्यावर तांबूस लाखेचा पापुद्रा होता. त्या अनोळखी माणसाने काम नीटच केले होते. या कामाला लाखच हवी, कारण ती उबेने सैल होते आणि पुढच्या माणसाला पेन पुन्हा उघडता येते.

नळी उलटी करताच पिशवीचे काळे तुकडे चहाच्या भुकटीसारखे कागदावर पडले. पोलादी पट्टी गंजली होती, पण तिचा ताण टिकून होता. नव्या पिशवीचा क्रमांक म्हणजे तिचा व्यास, इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजलेला. माझ्या पेनाला 16 क्रमांकाची, म्हणजे पाव इंचाची लागली. ती नळीच्या तळाला टेकणार नाही एवढी कापली, फर्निचरला पॉलिश करणारे वापरतात तसली चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून सेक्शनच्या बोंडाला लावली, पिशवी चढवली आणि रात्रभर वाळू दिली. बसवण्याआधी तिच्यावर शंखजिऱ्याची शुद्ध भुकटी चोळली. सुवासिक टाल्कम पावडर इथे चालत नाही, तिच्यातील तेलाने रबर खराब होते.

निब 14 कॅरट सोन्याची असल्याने जुन्या शाईतील आम्ल तिचे काही बिघडवू शकले नव्हते. मात्र भिंगातून पाहिले तर तिच्या दोन टोकांपैकी डावे किंचित वर होते. मला पॉलिश पेपरवर घासण्याचा मोह झाला, पण टोकावरचा कठीण धातूचा मणी एकदा झिजला की परत येत नाही. अंगठ्याच्या नखाने डावे टोक खाली दाबायचे, भिंगातून पाहायचे, पुन्हा दाबायचे, असे वीसेक वेळा केल्यावर दोन्ही टोके एका पातळीत आली. मग आपल्या दांडेकरांच्या कॅमल शाईत निब बुडवून खटका उचलला. दौतीत बुडबुडे आले. खटका मिटून दहापर्यंत आकडे मोजले आणि वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर पहिली निळी रेघ ओढली. ती मध्ये कुठेही तुटली नाही.

पुढच्या महिन्यात स्वानलाही नवी पिशवी बसवली. खाकी थर घासून काढला तर खालचा काळा रंग परत येईल, पण त्याबरोबर नळीवरची बारीक अक्षरे आणि हंसाचे चिन्हही पुसट होईल. मी घासलेले नाही. निब कॉनवे स्टुअर्टपेक्षा मऊ आहे, त्यामुळे पत्रे मी त्या खाकी पेनानेच लिहितो.