तळ्यात कणकेच्या गोळ्या टाकण्याआधी

फ्लोरिडात नव्याने राहायला आलेल्या आपल्या मंडळींना आणि हिवाळ्यात मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांना मी आवर्जून सांगते, की घरामागचे तळे कितीही शांत दिसले तरी त्यात मगरीच्या जातकुळीचा अ‍ॅलिगेटर आहे असे धरूनच काठावर वावरावे. राज्याच्या सर्व ६७ काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, मिळून त्यांची संख्या सुमारे १३ लाख असल्याचा इथल्या वन्यजीव विभागाचा अंदाज आहे.

काठावर ऊन खाणारा अ‍ॅलिगेटर तोंड उघडे टाकून निश्चल पडला असेल, तर तो चवताळला आहे असे समजू नये. अंगातली उष्णता कमी करण्याची ती त्याची रीत आहे. मात्र आपल्याकडे पाहून त्याने फुत्कार टाकला, तर आपण फार जवळ आलो आहोत हे ओळखून आल्या वाटेने मागे सरावे. एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानात किमान १५ फूट अंतर राखायला सांगतात. लहान मूल बरोबर असेल तर मी त्याहून पुष्कळ अधिक राखते. तो अंगावर आलाच, तर नागमोडी पळण्याच्या ऐकीव सल्ल्याच्या नादी न लागता पाण्यापासून सरळ दूर पळावे, कारण जमिनीवर त्याचा वेग फार वेळ टिकत नाही. तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत तो अधिक सक्रिय असतो, म्हणून त्या वेळी पाण्यात उतरू नये आणि कुत्र्याला काठालगत फिरवू नये.

माझी सर्वांत मोठी काळजी वेगळीच आहे. माशांना कणकेच्या गोळ्या घालणे आपल्याकडे पुण्याचे मानतात, आणि पाहुणे त्याच श्रद्धेने इथल्या तळ्यात पाव किंवा पोळीचे तुकडे टाकतात. अ‍ॅलिगेटरला खाऊ घालणे इथे कायद्याने गुन्हा आहे, पण बदकांसाठी आणि कासवांसाठी टाकलेले अन्नही त्याला काठाशी ओढून आणते. माणूस दिसला की खायला मिळते हे एकदा त्याच्या अंगवळणी पडले, की त्याची भीड चेपते, मग शेजारी तक्रार करतात आणि चार फुटांहून मोठा असल्यास त्याला पकडायला माणूस येतो. दुसरीकडे सोडलेला अ‍ॅलिगेटर बहुधा मूळ जागी परतू पाहतो, त्यामुळे पकडलेल्याला सहसा मारूनच टाकतात. १९६७ मध्ये संकटग्रस्त ठरलेला आणि १९८७ पर्यंत संरक्षणामुळे सावरलेला हा प्राणी आपल्या मूठभर कणकेपायी मारला जावा, हे मला पटत नाही.