कूलर बंद करून केलेलं गाणं

नागपुरात घरी गाणं रेकॉर्ड करायचं तर आधी कूलर बंद करावा लागतो. सोपं वाटत असेल तर नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ होरपळत्या दिवसांत, करून बघा. कंडेन्सर माइक गाणारीचा श्वास टिपतो, तसा बाजूच्या खोलीतल्या कूलरचा पंखाही टिपतो. त्याची खालची घरघर हाय-पास फिल्टरनं कापता येते. वरचा फसफसता आवाज मात्र सुरात असा मिसळतो की तो काढायला गेलं की गळाही पातळ होतो. म्हणून रात्री, भिंतींना गाद्या टेकवून, दार लावून, कूलर बंद. माझी आतेबहीण गायला उभी. दोन ओळी झाल्या की ती दार उघडून वाळ्याच्या ताट्यांसमोर जाऊन बसायची. एकदा म्हणाली, ‘‘दादा, घाम माइकवर पडला तं शॉक तं नाही ना लागत?’’

गाणं डान्स-पॉप, १२६ बीपीएम, म्हणजे मिनिटाला १२६ ठोके. मुखडा वऱ्हाडीत: ‘काहून रुसली, सांग ना वं’. ती शास्त्रीय शिकलेली, त्यामुळे ‘वं’वर मुरकी घ्यायचीच. मला तिथं सपाट, तुटक सूर हवा होता, कारण त्याचे तुकडे कापून मी की-बोर्डवर वाजवणार होतो. शेवटी मुरकीवाला टेकच ठेवला. तुकडे केल्यावर ती मुरकी एखाद्या सिंथसारखी वाजली, आणि गाण्याची ओळख तीच झाली.

खरं काम किक, म्हणजे ढोलाचा खालचा धप्प ठोका, आणि बेसचं. किकचा आवाज टीआर-९०९ वळणाचा. रोलँडनं हे ड्रम मशीन १९८३ साली काढलं, तेव्हा ते फारसं खपलं नाही. पुढे हाउस आणि टेक्नो या नाचाच्या संगीतवाल्यांनी ते स्वस्तात उचललं आणि आज चारही मात्रांवर पडणारा तो ठोका जगभर वाजतो. आता किक आणि बेस दोन्ही ५०-६० हर्ट्झच्या आसपास राहतात, म्हणजे एका खोलीत दोन पहिलवान. उपाय साइडचेन: किक पडली की कॉम्प्रेसर बेसला क्षणभर दाबतो, लगेच सोडतो. हे सोडणं किती मिलिसेकंदांत, त्यावर गाणं डोलतं की ढकललं जातं ते ठरतं. यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या.

त्यात आणखी एक भानगड. मोबाइलच्या स्पीकरवर ५० हर्ट्झ ऐकूच येत नाही. बेसला थोडं सॅच्युरेशन दिलं, म्हणजे आवाज जरासा खरखरीत केला, की त्याचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच्या पटीतले वरचे सूर, तयार होतात आणि कान खालचा सूर आपणहून भरून काढतो. आईनं फोनवर ऐकलं आणि म्हणाली, ‘‘धमधम येते बरोबर, शब्द नाही समजले.’’ बेस पास झाला होता. शब्दांसाठी आवाज जरा वर घेतला.

प्रदर्शनाचा भाग कारकुनीचा आहे. गाणं अ‍ॅपवर पोहोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचा फॉर्म, चौकोनी कव्हर, गाण्याच्या ओळखीचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी कोड, शुक्रवारची तारीख. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं किमान सात दिवस आधी पाठवावं लागतं. आवाज कितीही फुगवून मास्टर करा, तिथं तो साधारण -१४ लफ्सवर (लफ्स म्हणजे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आणून बसवतात, त्यामुळे मी ठोक्याचा दणका राखला आणि फुगवणं सोडलं. तारीख मुद्दाम तुळशीच्या लग्नानंतरची, वरातींच्या हंगामातली.

पहिल्या आठवड्यात ऐकणारे बहुतेक नातेवाईक. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच एक स्ट्रीम मोजली जाते आणि वर्षभरात हजार स्ट्रीम झाल्याशिवाय पैसा सुरू होत नाही. म्हणून सगळे सांगतात, गळा लगेच आणा, इंट्रो ठेवू नका. मीही गळा पाचव्या सेकंदाला आणला होता. एका डीजेला फाइल दिली, तर तो म्हणाला, ‘‘भाऊ, गानं मस्त हाय, पन मिक्स करायले जागाच नाही ठेवली तुनं. बत्तीस ठोके रिकामे दे समोर, बत्तीस मागं.’’ त्याचं बरोबर होतं. नाचणाऱ्यांचे पाय थांबू न देता एका गाण्यातून दुसऱ्यात जायचं तर निव्वळ ठोका लागतोच. स्ट्रीमिंगच्या हिशेबापेक्षा हा हिशेब मला जास्त पटतो. त्याच्यासाठी लांब आवृत्ती केली, बेस पूर्ण मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच, कारण वरातीत अर्ध्या लोकांना एकाच बाजूचा भोंगा ऐकू येतो.

पण गाणं चाललं ते धुमालमुळे, म्हणजे आमच्याकडे वरातीत वाजणाऱ्या बँडमुळे. वाडी भागातल्या एका लग्नाच्या लॉनबाहेर धुमाल पार्टीच्या की-बोर्डवाल्यानं आमचा मुखडा वाजवला, तोही जवळजवळ दीडपट वेगात. ऑक्टापॅडवर ठोका, ताशाचा तडतडाट, माझा साइडचेन कुठच्या कुठं. आतेबहिणीची मुरकी मात्र त्यानं की-बोर्डच्या पिच व्हीलवर, म्हणजे सूर वरखाली सरकवणाऱ्या चाकावर, बरोब्बर उचलली होती. त्याचं रील फिरलं, आणि मग लोक मूळ गाणं शोधत आले. खाली कुणीतरी लिहिलं, ‘ओरिजिनल स्लो हाय बे.’

त्या की-बोर्डवाल्या दादाला नंतर भेटलो. त्याला अंतऱ्याचे सूर कळत नव्हते, बेसनं झाकले होते म्हणे. मी वाद्यांशिवायचा सुटा गळा पाठवला. आता तो अंतराही वाजवतो, आणि पुढच्या गाण्याचा मुखडा मी आधी त्यालाच ऐकवणार आहे.