पायपुसण्यावर शू करणारं पिल्लू

शित्झू, पग, पॉमेरेनियन, ल्हासा, डॅशहंड. मुंबईच्या फ्लॅटमध्ये येणारी पिल्लं बहुतेक अशाच छोट्या जातींची असतात. पिल्लू येऊन महिना झाला की घरोघरची तक्रारही ठरलेली: "पॅडवर करतं, नाही असं नाही. पण जरा नजर हटली की दारातल्या पायपुसण्यावर! मुद्दाम करतं."

मुद्दाम नाही करत हो. साधारण ५ ते ९ आठवड्यांच्या वयात शी-शू करताना पंजाखाली जे लागतं, मग ती रद्दी असो, गवत असो की कापड, तीच पिल्लाच्या लेखी शी-शूची जागा ठरते. पॅड, म्हणजे पिल्लाच्या शी-शूसाठी लादीवर अंथरायचं शोषक कापड, कसं असतं? मऊ, चौकोनी, ओल शोषून घेणारं, लादीपेक्षा केसभर उंच. पायपुसणंही नेमकं तसंच. म्हणजे पिल्लानं धडा चुकवलेला नाही, उलट पक्का गिरवला आहे. त्यामुळे पिल्लू घरी येण्याच्या आदल्या दिवशीच सगळी पायपुसणी, बाथरूमबाहेरचं मॅट, हॉलमधला गालिचा, खालपर्यंत लोंबणाऱ्या चादरी उचला आणि माळ्यावर टाका. पुढचे चार महिने पिल्लाच्या पायाखाली दोनच गोष्टी हव्यात: लादी आणि पॅड. एवढ्या एका गोष्टीनं निम्मं काम होतं.

आणताना वय विचारा. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पण "दीड महिन्याचं आहे, लवकर लळा लागतो" असं सांगून सर्रास दिलं जातं. लळा नंतरही लागतो. आईपासून आणि भावंडांपासून लवकर तोडलेलं पिल्लू मात्र जास्त चावतं, जास्त घाबरतं, आणि झोपायची जागा स्वच्छ ठेवायची असते हे त्याला आईकडून शिकायलाच मिळालेलं नसतं.

आता मूत्राशयाचं गणित. वय जितके महिने, अधिक एक, तितके तास पिल्लू धरून ठेवू शकतं असं म्हणतात. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तीन तास. पण ही झाली वरची मर्यादा, तीही गाढ झोपेतली. सव्वा-दीड किलोच्या पिल्लाची पिशवी ती केवढी! जागं असताना, खेळताना त्याला दर पाऊण ते एक तासानं जावं लागतं. छोट्या जाती ट्रेनिंगला अवघड असतात म्हणतात, त्याचं खरं कारण हे. दुसरं कारण आपल्या बाजूचं आहे. लॅब्रॅडॉरनं हॉलमध्ये शू केली तर घर हादरतं. शित्झूचं चमचाभर डबकं मात्र कुणीतरी पायानं फडकं फिरवून पुसतं आणि सोडून देतं. असं दहा वेळा चाललं की पिल्लासाठी तो कोपरा पक्का झाला.

जागा अशी लावा. हॉलच्या किंवा बेडरूमच्या एका कोपऱ्यात जाळीचं कुंपण उभं करून एक ऐसपैस चौकोन घ्या. एका टोकाला अंथरूण आणि पाण्याचं भांडं, समोरच्या टोकाला पॅड. पॅड ६० बाय ९० सेंटिमीटरचं घ्या, छोटं नको. पहिल्या आठवड्यात अंथरूण सोडून जवळजवळ सगळी लादी पॅडनं झाका. कशाला, तर जमिनीलगत बसून एकदा नीट बघा: पिल्लू पॅडवर चढतं, पुढचे दोन पंजे मऊ लागले की त्याला वाटतं आपण पोचलो, आणि तिथंच बसतं. मागचे पाय मात्र अजून लादीवर. शू बाहेर. मालक म्हणतो चुकलं, पिल्लाच्या हिशेबी ते जागेवरच असतं. अशा वेळी रागावलात तर सगळं शिक्षण फुकट.

तीन-चार दिवसांत पिल्लू आपला एक आवडता कोपरा निवडतं, बहुधा अंथरुणापासून सगळ्यात लांबचा. मग त्या कोपऱ्यापासून सर्वात दूरचं पॅड काढा. तीन-चार दिवस कोरडे गेले की पुढचं. मध्येच गडबड झाली तर काढलेलं एक पॅड परत टाका आणि पुन्हा पुढं चला. शेवटी दोन पॅड शेजारी शेजारी राहिले की थांबा, एकावर यायची घाई करू नका. पॅड फाडत असेल तर कडा बसवायची प्लॅस्टिकची चौकट मिळते. पॅड परवडत नसतील तर रद्दी चालते, पाच-सहा थर घाला. फक्त नंतर जमिनीवर वाचायला ठेवलेला पेपर भिजणार, हे धरून चाला.

पॅड बाल्कनीत न्यायचं असेल तर एकदम उचलून नेऊ नका. दिवसाला अर्धा फूट सरकवा. आणि बाल्कनीच्या किंवा बॉक्स ग्रिलच्या गजांमधून आपलं डोकं जात नाही म्हणून निर्धास्त राहू नका. सव्वा किलोचं पिल्लू आरपार जातं. खालचे दोन फूट बारीक जाळी बांधल्याशिवाय तिथं सोडायचंच नाही.

बरेच जण मोरीची किंवा बाथरूमची सवय लावतात. वाईट नाही, धुवायला सोपं. अडचणी दोन. ओल्या लादीवर छोट्या पिल्लाचे पाय घसरतात आणि एकदा आपटलं की ते आत जायलाच बघत नाही. शिवाय बाथरूमचं दार दिवसातून दहा वेळा आतून बंद असतं. तेव्हा पिल्लानं कुठं जायचं?

वेळापत्रक मात्र डोळे मिटून पाळायचं. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यावर ५ ते ३० मिनिटांत, खेळ थांबला की लगेच, पाणी प्यायल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, आणि यातलं काहीच नसेल तर तासाला एकदा. सकाळी उठल्यावर त्याला उचलूनच न्या, चालत नेलंत तर वाटेतच होतं. पॅडवर ठेवा, गप्प उभे राहा. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. आजी "शू शू", मुलगी "गो पॉटी" आणि बाबा "कर लवकर" असं झालं तर पिल्लाला यातलं काहीच कळत नाही. शू पूर्ण होऊ द्या. निम्म्यात "शाब्बास" म्हणून ओरडलात तर ते तिथंच थांबतं आणि उरलेली सोफ्यापाशी करतं. संपली की दोन सेकंदांच्या आत, त्याच जागेवर, उकडलेल्या चिकनचा मटाराच्या दाण्याएवढा तुकडा. फ्रिजपर्यंत जाऊन आणलात तर बक्षीस फ्रिजपाशी येण्याचं झालं. तुकडे डबीत घालून खिशात ठेवा.

गोल गोल फिरणं, नाक जमिनीला लावून धावणं, खेळता खेळता अचानक गप्प होऊन कोपऱ्याकडे निघणं, या खुणा दिसल्या की उचला. चालू असताना सापडलं तर आवाज न चढवता उचलून पॅडवर ठेवा. नंतर दिसलं तर काहीही न बोलता पुसा. नाक घासणं, चापट मारणं यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते सोफ्यामागं जातं, तुम्ही समोर उभे असताना पॅडवर करतच नाही, आणि काही पिल्लं शी खाऊनही टाकतात.

आता पुसायचं. आपल्याकडे पहिला हात फिनेलच्या बाटलीकडे जातो, तो आवरा. फिनेलनं आपल्या नाकाला वास जातो, पिल्लाच्या नाकाला नाही. शिवाय पिल्लू पंजे चाटतं, आणि त्यातली रसायनं त्याच्या पोटात जाणं चांगलं नाही. ब्लीच तर शूवर कधीच ओतू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो. आधी कागदानं दाबून टिपून घ्या, मग एन्झाइमचं क्लीनर (लघवीतला वास मुळापासून तोडणारं) ओतून दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या आणि पुसा. सिरॅमिकच्या लादीवर निम्मं पाणी-निम्मं पांढरं व्हिनेगर चालतं, पण मार्बलवर नाही, चकाकी जाऊन डाग राहतो. लादी पुसायला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी हे समजावून सांगा आणि शूचं फडकं वेगळं द्या. नाहीतर त्याच पोछ्यानं तो वास घरभर सारवला जातो आणि मग पिल्लाला सगळीकडेच पॅड दिसायला लागतं. उलट नवं पॅड घालताना जुन्याचा एक छोटा ओला तुकडा त्याखाली ठेवा. तो वास तिथं हवाच आहे.

शीची वेळ जेवणाच्या वेळेवर ठरते, म्हणून भांडं दिवसभर भरून ठेवू नका. तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोन. पंधरा-वीस मिनिटांत जे राहील ते उचला. मात्र अगदी चिमुकल्या पिल्लांनी जेवण चुकवलं तर दुर्लक्ष करू नका. त्यांच्या अंगात साखरेचा साठा फारच थोडा असतो. चार-पाच तास उपाशी राहून पिल्लू लडखडायला, थरथरायला लागलं, मान टाकून पडलं, तर हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजची पेस्ट चोळा आणि तडक डॉक्टरकडे न्या. शुद्धीत नसेल तर तोंडात पातळ काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. खाणं बदलायचं तर आठवडाभर हळूहळू, पाव, अर्धं, पाऊण करत. दूध-बिस्किटावर बहुतेकांचं पोट बिघडतं, आणि जुलाब होणाऱ्या पिल्लाला कुणीही शी धरून ठेवायला शिकवू शकत नाही. जेवण सोडलंय, उलट्या, रक्ताचे जुलाब अशी लक्षणं दिसली तर ते पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार, असू शकतं. सकाळची वाट बघू नका. जवळचा दवाखाना आणि परळचं पशुवैद्यकीय रुग्णालय, म्हणजे मुंबईकरांचं बैलघोडा हॉस्पिटल, दोन्हींचे नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

रात्री क्रेट, म्हणजे पिल्लाचा झोपायचा पिंजरा, तुमच्या पलंगाशेजारी. क्रेटमध्ये उभं राहता यावं, वळता यावं, पसरता यावं, बस्स. मोठा असेल तर मध्ये पुठ्ठ्याची आडभिंत घाला, नाहीतर एका टोकाला झोप आणि दुसऱ्या टोकाला शू असा संसार थाटतं. शेवटचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. पाणी मात्र आपल्या घामट हवेत फार लवकर तोडू नका, झोपायच्या तासभर आधीपर्यंत मिळू द्या. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी रात्री दोनला गजर लावा. दिवा मंद, बोलणं नाही, खेळणं नाही: शू, तुकडा, परत क्रेट. दर तीन-चार दिवसांनी गजर पंधरा मिनिटं पुढं ढकला.

बाहेर कधी न्यायचं? लसी ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी १६ आठवड्यांचं होईपर्यंत चालतात. रेबीजची तीन महिन्यांनंतर. महापालिकेच्या परवान्यालाही रेबीजचं सर्टिफिकेट लागतं. पावसात रस्त्यावर साचणाऱ्या पाण्यामुळे मुंबईत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस टाळू नका. डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला सोसायटीच्या आवारात जमिनीवर सोडायचं नाही, पण कडेवर किंवा पिशवीत घालून खाली जरूर न्यायचं. लिफ्ट, रिक्षा, वॉचमनकाका, कुकरच्या शिट्ट्या, लांबून येणारा ढोल-ताशा हे सगळं तीन-साडेतीन महिन्यांच्या आत कानावरून, डोळ्यांखालून गेलं तर पुढं दिवाळीत पलंगाखाली बसून तिथंच शू करायची वेळ येत नाही. फिरवताना गळ्यात पट्टा नको, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घाला. छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते. पग आणि शित्झूला दुपारी अजिबात नको, त्यांना दम लागतो तो जिवावर बेततो.

बाहेरची सवय लागली तरी मुंबईत घरातली जागा कायम ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे. जुलैत झड लागते, गल्लीत गुडघाभर पाणी, लिफ्ट बंद, अशा वेळी पाच किलोच्या कुत्र्यानं त्या पाण्यातून कुठं जायचं? बाल्कनीत गवताचा ट्रे ठेवा. कृत्रिम गवत रोज धुऊन वाळवावं लागतं, दोन दिवस राहिलं की शेजारी बेल वाजवतात. त्यांचं चुकत नाही. सोसायटीला बहुमतानंसुद्धा प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे, पण खाली केलेली शी उचलण्याची पिशवी आपल्या खिशात हवीच.

सहा ते आठ महिन्यांत गाडी पुन्हा घसरल्यासारखी वाटते. नर पाय वर करून सोफ्याच्या कोपऱ्यावर, पडद्यावर चार थेंब सोडतो. ही खूण करणं आहे, पोट मोकळं करणं नाही. पॅडच्या मधोमध पाण्यानं भरलेली बाटली उभी करा, त्याला पाय वर करायला तिथं काहीतरी मिळू दे, आणि नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. मादी पहिल्यांदा माजावर येते तेव्हा वारंवार शू करते, ते तात्पुरतं असतं. तुम्ही घरी आल्यावर आनंदानं किंवा दबून होणारी शू तिसरीच. तिला रागावलात तर वाढते. वाकून उचलू नका, बाजूला तोंड करून खाली बसा, शांत झालं की हात लावा. आणि नीट शिकलेलं पिल्लू अचानक थेंब थेंब करायला लागलं, जागा सारखी चाटायला लागलं, लघवीत लाली दिसली, तर ट्रेनिंग बाजूला ठेवून आधी लघवी तपासून घ्या. बहुतेक वेळा जंतुसंसर्ग निघतो.

घर एकदम मोकळं सोडू नका. एका खोलीत सलग चार आठवडे कोरडे गेले की दुसरी खोली उघडा, तीही पहिले काही दिवस तुम्ही सोबत असतानाच. माळ्यावरची पायपुसणी सगळ्यात शेवटी खाली येतात, एका वेळी एकच, आणि तेही पिल्लू नुकतंच पॅडवर जाऊन आलेलं असताना. पायपुसण्यावर उभं राहून ते गोल फिरायला लागलं, तर पायपुसणं उचला आणि आणखी दोन आठवडे माळ्यावर ठेवा.