डोकं धरून बसलेला मुलगा

मंगळवार, २० जानेवारी २०२६. रात्रीचे पावणेअकरा.

हाताला अजून डिझेलचा वास आहे. तीनदा साबण लावून झाला, सासूबाईंनी लिंबाची फोड चोळायला लावली, तरी नखांच्या कडेला तो आहेच. झोप लागणार नाही हे दिसतंय, म्हणून लिहायला बसले.

सकाळी कंपनीची बस नेहमीसारखी बडोद्यातल्या न्यायमंदिरापासून निघाली. उत्तरायण होऊन सहाच दिवस झालेत, तारांवर फाटके पतंग अजून लोंबताहेत. थंडी होती, आणि तरसाली सोडून हायवेला लागलो तसं धुकंही लागलं. जांबुवाच्या पुलाच्या अलीकडे बस थांबली ती थांबलीच. यात नवं काही नाही. पोर गावाला नोकरीला जाणाऱ्या आम्हा सगळ्यांना या वाटेवरचे पूल पाठ झालेत. रस्ता रुंद आणि पूल अरुंद, त्यामुळे पुलाच्या तोंडाशी गाड्या तुंबतात. मी डबा उघडून पोह्याचे दोन घास खाल्ले. ते घास दिवसभर आठवत राहिले. मी खात होते तेव्हा तो पुढे, पाचशे पावलांवर, पत्र्यात चिमटलेला होता.

आमचा बस ड्रायव्हर पुढे बघून आला आणि सरळ माझ्या सीटपाशी येऊन म्हणाला, "बेन, छोकरो तमारी भाषामां बूमो पाडे छे. चालो ने."

मुलगा मराठीत ओरडतोय म्हणे. मी डबा तसाच सीटवर ठेवून उतरले.

महाराष्ट्र पासिंगची आयशर होती, डाळिंबांनी भरलेली. पुढे लोखंडी पाइप लादलेला ट्रेलर तुंबलेल्या गाड्यांमागे उभा होता, तो धुक्यात शेवटच्या क्षणी दिसला असणार. आयशरच्या ड्रायव्हरने स्टेअरिंग डावीकडे मारलं. उजव्या बाजूने केबिन ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली आणि डावं चाक कठडा फोडून पुलाबाहेर गेलं. चाकाखाली नुसती हवा, आणि त्याखाली नदी. रस्त्यावर फुटलेले क्रेट, डाळिंबं चिरडून लाल चिखल झालेला. आधी मला ते रक्तच वाटलं.

अग्निशमन दलाची गाडी आणि १०८ ची अँब्युलन्स माझ्या आधी पोचल्या होत्या. तरी दहा-बारा माणसं ओरडत होती, "खेंचो ने, खेंची काढो!" दल येण्याआधी कुणीतरी दाराला दोर बांधून ओढायला सुरुवातही केली होती म्हणे. मन चांगलंच असेल त्यांचं. पण ती गाडी अर्धी हवेत होती. चार हिसके बसते तर तो गाडीसकट खाली गेला असता.

दलाचे जे मुख्य साहेब होते त्यांनी पहिली वीस मिनिटं त्या मुलाच्या दाराला हातच लावला नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा संताप आला होता. माणूस किंचाळतोय आणि हे लाकडाचे ठोकळे मोजतायत! चाकांखाली ठोकळे, सांध्यात पाचरी, मागच्या अॅक्सलला वायरचा दोर आणि तो त्यांच्या गाडीच्या विंचला ताणून. कुणी बॅटरीची वायर काढली, कुणी गळणाऱ्या डिझेलवर माती टाकली, एकजण पाण्याचा पाइप भरून नुसता रोखून उभा राहिला, ठिणगी पडलीच तर म्हणून. हे सगळं का करतात ते मला हळूहळू कळलं. आधी गाडी हलायची थांबली पाहिजे. ती हलत असेल तर आत जाणारा दुसरा माणूसही मरायचा.

१०८ चा मुलगा त्याला हिंदीत विचारत होता आणि तो मराठीत काहीतरी तुटक बोलत होता. एरवी त्याला हिंदी येत असणारच, महिन्यातून दोन खेपा अहमदाबादच्या करतो. पण त्या वेळी आलं नाही. वेदनेत आईची भाषाच तोंडात येते, दुसरी सापडत नाही. मला उलट्या क्रेटवर उभं केलं, खिडकीतून चेहरा दिसेल असं. पंचविशीचा असेल. नाव लिहीत नाही इथे. गाव सांगोल्याकडचं.

माझा पहिला शब्द ऐकल्यावर त्याने जे विचारलं ते मी विसरणार नाही.

"ताई, पाय कापणार का माझा?"

मला समजेना. मग लक्षात आलं. आजूबाजूला सगळे "कटर लाव", "काटना पडेगा", "अहींथी कापो" म्हणत होते. दार कापायचं होतं, दाराचे बिजागर कापायचे होते. कापायचं काय, ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अर्धा तास तो पोरगा आपला पाय जाणार असं समजून बसला होता.

"नाही रे बाळा. पत्रा कापतायत. पायाला कोणी हात लावत नाही."

"शपथ?"

"माझ्या लेकाची शपथ."

तो एकदम गप्प झाला आणि मग रडायला लागला. आधी ओरडत होता, रडत नव्हता. १०८ च्या मुलाने मला खूण केली, रडू द्या, बोलत राहा. मग मी दुभाषी झाले. पायाची बोटं हलतात का? एकाची हलतात. मुंग्या येतात का? येतात. मान दुखते का? कुठल्या औषधाची अॅलर्जी? शेवटचं कधी जेवला? रात्री, सुरतेच्या अलीकडे ढाब्यावर. पाणी मागत होता सारखा. माझ्या पिशवीत बाटली होती, मी ती पुढे केली आणि १०८ च्या मुलाने माझा हात धरला. ऑपरेशन लागलं तर भूल द्यावी लागते, तेव्हा पोट रिकामं पाहिजे. रुमाल ओला करून त्याच्या ओठांना लावायची तेवढी परवानगी दिली. आपण अपघात दिसला की आधी पाण्याची बाटलीच घेऊन धावतो.

आता त्या मुलाबद्दल, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले.

फायरमनांपैकी सगळ्यात लहान दिसणारा एकजण कमरेला दोर बांधून डाव्या दाराने आत शिरला. म्हणजे जी बाजू हवेत होती त्या बाजूने. ड्रायव्हरच्या सीटमागे गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही तळहात त्याच्या कानांवर ठेवून त्याचं डोकं धरलं. बस. तेवढंच काम. मानेला कॉलर घातली तरी डोकं सोडलं नाही, कारण मणक्याला मार असेल तर एका झटक्याने माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो. साडेसातच्या सुमाराला त्याने डोकं धरलं ते आठ वीसला सोडलं. मधे कटर चालला, काच फुटली, केबिन दोनदा करकरली. दोघांवर मिळून एकच ब्लँकेट टाकलं होतं, काचांपासून बचाव म्हणून. आतून त्याचा आवाज यायचा, प्रत्येक वेळी, न चुकता: "हवे अवाज आवशे." मग मी मराठीत ओरडायची, "आता आवाज येईल, घाबरू नको." मग कटर. कटर चालू झाला की मला चार पावलं मागे सारत, पण गप्प बसू देत नसत.

तो कटर म्हणजे मोठी खेकड्याची नांगी. पंपाच्या तेलाचा दाब त्याच्यात येतो, सुमारे ७०० बार. गाडीच्या चाकात आपण जेवढी हवा भरतो त्याच्या शेकडो पट. चटकन काही होत नाही त्याने. नांगी हळूहळू मिटते, पत्रा आधी सुरकुततो आणि मग कट्‌कन तुटतो. दार निघालं. मग दुसरं यंत्र, जे मिटण्याऐवजी उघडतं, ते लावून डॅशबोर्ड बोटबोटभर पुढे ढकलायला लागले. दर बोटाला थांबायचे. १०८ वाला बघायचा, मान हलवायचा, मग पुढचं बोट.

मधे एकदा साहेबांनी सगळं थांबवलं. पाय जवळजवळ सुटला होता, मलासुद्धा दिसत होता. गर्दी पुन्हा ओरडायला लागली. पण आधी सलाईन नीट चढायला हवी होती. दाबून राहिलेल्या स्नायूत नको ते साठतं, पोटॅशियम वगैरे, आणि पाय एकदम मोकळा केला की ते सगळं रक्तातून हृदयाकडे धावतं. बोलत असलेला माणूस सुटता सुटता जातो. हे मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी संध्याकाळी समजावलं. सकाळी मी फक्त बाटली उंच धरून उभी होते.

त्या वेळी पुलाचा कठडा तुटलेला दिसत होता आणि खालून गार वारा येत होता, आणि मला गंभीरा आठवलं. ९ जुलै २०२५. आमच्याच जिल्ह्यातला, पादऱ्याहून आणंदकडे जाणारा महीसागरवरचा पूल सकाळी भरल्या रहदारीत मधोमध तुटला आणि गाड्या नदीत पडल्या. किमान वीस माणसं गेली. तुटक्या टोकावर अडकलेला तो टँकर किती दिवस तसाच होता, सगळ्या देशाने त्याचे फोटो पाहिले. त्या दिवशी जवळच्या गावातली माणसं आधी पाण्यात उतरली, मग अग्निशमन दल, मग जरोदहून एनडीआरएफ. त्यानंतर आमच्या बसमध्ये कित्येक दिवस पूल आला की बोलणं आपोआप थांबायचं. पूल कुणी बांधला, तपासला कुणी, हे विचारलंच पाहिजे, मी अजून विचारते. पण तिथे गळाभर चिखलात उतरलेल्यांची नावं आम्हाला कुणालाच माहीत नाहीत, हेही मला तेव्हापासून सलतंय.

माझं माहेर दांडिया बझारात, फायर स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी रात्री गाडी निघाली की आजी झोपेतच हात जोडायची. मी पन्नास वर्षं तो आवाज ऐकतेय. तो कुठे जाऊन थांबतो आणि तिथे काय होतं, ते आज पाहिलं.

आठ वीसला त्याला फळीवर घेतलं. सहा माणसं, एकाच्या मोजण्यावर, "एक, बे, त्रण". १०८ निघाली सयाजी हॉस्पिटलकडे. गेल्यावर पुलावर विचित्र शांतता होती. कुणीतरी किटलीतून चहा आणला. तो आतला मुलगा कठड्याच्या चांगल्या बाजूला बसला होता, कोपरापर्यंत हात थरथरत होते. मी कप दिला तर त्याची बोटं उघडेनात. तळवे अजून तसेच, डोकं धरल्यासारखे वाकलेले. मी त्याच्या तोंडाला कप लावला. दोन घोट घेऊन म्हणाला, "मासी, ए मने शुं कहेतो हतो? आखो वखत कंईक बोलतो हतो." सारखं काहीतरी बोलत होता म्हणे, ते काय?

मी सांगितलं, "म्हणत होता, सोडू नको."

त्याने मान खाली घातली. मी हातही लावला नाही त्याला, नुसती शेजारी बसून राहिले.

पोलिसांनी विचारलं तेव्हा नाव-पत्ता दिला. यांचा फोन आला होता, कशाला देतेस, कोर्टाच्या चकरा होतील. पण २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलंय, मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. मी सक्तीने दिलं नाही. द्यावंसं वाटलं म्हणून दिलं.

त्याचा मोबाइल माझ्याकडे राहिला होता. काच तडकलेली, तरी वाजत होता. स्क्रीनवर "आई". पुलावर असताना मी तो तीनदा वाजू दिला, उचलायचं धाडस झालं नाही. गाडी गेल्यावर उचलला. त्या माउलीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बोलतोय ना त्यो?" मी म्हटलं, "माझ्याशी पाऊण तास बोलला." मग मामांनी फोन घेतला आणि खर्चाचं विचारलं. अपघातातल्या जखमींना पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजना आहे, त्याची चौकशी सकाळी मीच करते म्हणून सांगितलं.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये जाऊन आले. उजव्या मांडीचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालं, पाय आहे. गुंगीत होता. मोबाइल नर्सबाईंकडे दिला.

आई आणि मामा पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसलेत. पहाटे उतरतील. स्टेशनवर ओळखू कसं, विचारलं तर मामा म्हणाले, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय. सासूबाई म्हणतात त्यांना आधी घरी आण, चार घास खाऊ देत. पण ती दोघं घरी येणार नाहीत, सरळ हॉस्पिटलला जाऊ म्हणतील, म्हणून भाकरी आणि पिठलं डब्यातच घेणार आहे. गजर चारचा लावलाय.