पाच तास काय बोलता?

इंग्लंडमध्ये एका इमिग्रेशन सॉलिसिटरच्या ऑफिसात केसवर्कर आहे मी, बरीच वर्षं झाली. स्पाउस व्हिसाच्या, म्हणजे नवऱ्याला किंवा बायकोला इथे आणायच्या व्हिसाच्या, एवढ्या फायली हाताखालून गेल्यात की आता कुणाच्या लग्नाचे फोटो बघितले तर कौतुक वगैरे काही वाटत नाही, डोळे आधी तारीख शोधतात आणि मग पाहुणे मोजायला लागतात. पण एक केस डोक्यातून जात नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात माझी चांगलीच फजिती झाली होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळलेत, नवऱ्याचा देशही सांगत नाही.

बाई ६१ वर्षांच्या, इथल्याच, पहिला नवरा वारलेला. आत्ताचा नवरा ३७ चा. म्हणजे २४ वर्षांचं अंतर आणि तेही लोकांच्या हिशोबाने उलटं. तो ६१ चा आणि ती ३७ ची असती तरी प्रश्न आले असते, पण जरा सभ्य भाषेत आले असते एवढं मी अनुभवावरून सांगू शकते. बाईंची मुलगी ३८ ची, म्हणजे सावत्र बाप मुलीपेक्षा वर्षाने लहान.

भेटले कसे, तर बाई ट्रेकिंगला गेल्या होत्या, दुसऱ्याच दिवशी घोटा मुरगळला, ग्रुप पुढे निघून गेला आणि ह्या आठ दिवस हॉटेलात अडकल्या. नवरा गेल्यापासून त्यांना रात्रीची झोप नव्हती, म्हणून खाली लॉबीत येऊन बसायच्या, आणि हा तिथे रिसेप्शनवर नाइट ड्यूटीला. झालं. पुढच्या दीड वर्षात त्या चारदा जाऊन आल्या, तिसऱ्या खेपेला लग्न केलं.

नियम म्हणाल तर नवरा-बायकोच्या वयात किती फरक चालेल असं ब्रिटनच्या नियमांत कुठेही लिहिलेलं नाही. दोघांना १८ पूर्ण हवीत, दोघं प्रत्यक्ष भेटलेले हवेत, लग्न कायदेशीर हवं, इथे कायमचं एकत्र राहायचा इरादा हवा आणि नातं जेन्युइन अँड सबसिस्टिंग हवं, म्हणजे खरं असलं पाहिजे आणि चालू असलं पाहिजे. पैशाची अट एप्रिल २०२४ मध्ये वर्षाला १८,६०० पौंडांवरून एकदम २९,००० झाली आणि त्यात आमच्या कितीतरी केसेस अडकल्या, पण बाईंचा पगार त्याच्या वर होता. इंग्रजीची ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीची परीक्षा त्याने आधीच दिलेली. फी १,८४६ पौंड आणि वर इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज ३,१०५ पौंड भरून अर्ज केला आणि मी फाइल बाजूला ठेवली, म्हटलं ही सरळ केस.

काही महिन्यांनी रिफ्युजल, म्हणजे व्हिसा नाकारल्याचं पत्र. त्या पत्रात पहिलाच मुद्दा वयातला फरक, अर्थात 'फक्त ह्या कारणावरून नाही' असं शेपूट लावून. मग इंटरव्ह्यूतली तफावत. लग्नाला किती लोक होते ह्यावर तो म्हणाला ९, बाई म्हणाल्या ११. अहो, बाईंनी नवरा-नवरी धरून मोजले होते! एवढं एक वाक्य तिथे विचारलं असतं तर मिटलं असतं, पण नाही विचारलं. मग बाईंच्या घरचं कुणीच लग्नाला नव्हतं हा मुद्दा. आणि शेवटचा मुद्दा म्हणजे कॉल रेकॉर्ड. रोज रात्री चार-चार, पाच-पाच तासांचे कॉल, इतका वेळ कुणी बोलत असेल हे पटण्यासारखं नाही, पुरावा तयार करण्यासाठी फोन नुसता चालू ठेवलेला असावा असा एकूण सूर.

खरं सांगते, मलाही ते कॉल खटकलेच होते. पण मी बाईंना विचारलं नाही. का नाही विचारलं माहित नाही, वाटलं नव्याने लग्न झालेल्यांचं काय असेल ते असेल, आपण कशाला.

नवरा देशाबाहेर असेल तर अपील करायला २८ दिवस मिळतात, सुनावणी हवी असेल तर १४० पौंड. व्हिसाची फी गेली ती गेलीच, सरचार्ज तेवढा परत मिळतो. अपील मानवी हक्कांच्या मुद्द्यावर करावं लागतं, कौटुंबिक आयुष्याचा हक्क, आर्टिकल ८. तयारीला बसले आणि मी मला जे उत्तम जमतं ते केलं, म्हणजे व्हॉट्सॲपमधून छान छान मेसेज निवडले. लव्ह यू, मिस यू, वाढदिवसाचा केक, हृदयाचे इमोजी, अशी ४० पानं. बॉसनी चाळली आणि म्हणाले, "हे काय लग्नाच्या अल्बमसारखं केलंयस? मधले मेसेज कुठे गेले?" म्हटलं मधल्यात काही नाहीये सर, खोकला आणि खिडक्या. ते म्हणाले, "घाल. दर तीन महिन्यांतला एक अख्खा महिना, एक ओळ न गाळता." माझी ४० ची ३१० पानं झाली आणि दोन दिवस मी त्यांच्या नावाने बोटं मोडत पान नंबर टाकत बसले.

बॉस जुने आहेत. १९९७ पर्यंत इथे प्रायमरी पर्पज रूल म्हणून एक नियम होता, त्यात तर बाहेरून येणाऱ्या नवऱ्यालाच सिद्ध करावं लागायचं की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नाहीये. नाही हे सिद्ध कसं करायचं सांगा! त्या काळात लोक वापरून झालेली फोनकार्डं पिशव्या भरभरून आणायचे म्हणे, कॉल केले ह्याचा पुरावा म्हणून. पुढे २०१२ मध्ये अप्पर ट्रिब्यूनलने, म्हणजे इमिग्रेशनच्या अपिलांच्या वरच्या न्यायालयाने, एका निकालात म्हटलंय की फोनकार्डावरून नंबर कुठला लावला ते कळत नसलं तरी त्याला पुरावा म्हणून किंमत आहे, आणि लग्न चालू आहे हे दाखवायला प्रेमाचा एखादा ठरावीकच पुरावा आणला पाहिजे असं काही नाही. बॉसचा हा लाडका निकाल, प्रत्येक स्पाउस अपिलात असतोच.

दुसरा वाद झाला मुलीच्या पत्रावरून. बाईंनी मुलीकडून पत्र आणलं, मी आनंदाने उघडलं, आणि पहिलंच वाक्य, "माझ्या आईचं हे लग्न मला पटलेलं नाही." मी ते सरळ बाजूला काढलं. बॉसनी पूर्ण वाचलं आणि परत बंडलमध्ये, म्हणजे न्यायाधीशांना द्यायच्या कागदांच्या गठ्ठ्यात, घातलं. मला काही बोलले नाहीत, फक्त त्याला वेगळा टॅब लावायला सांगितला.

सुनावणीचा दिवस. नवरा व्हिडिओवरून साक्ष देऊ शकत नव्हता, कारण परदेशातून साक्ष घ्यायची तर त्या देशाची हरकत नाही हे आधी कळावं लागतं, २०२१ च्या एका निकालापासून हे फार काटेकोर झालंय, आणि आमच्या चौकशीचं उत्तर वेळेत आलंच नाही. म्हणजे सगळा भार एकट्या बाईंवर. मी त्यांची दोन आठवडे तयारी करून घेतली होती, चाळीस प्रश्न, त्यांची उत्तरं, सगळं पाठ. सकाळी वेटिंग रूममध्ये त्या पर्समधून माझा तो कागद काढून ओठ हलवत वाचत होत्या, शाळेतल्या तोंडी परीक्षेसारखं, आणि मला अगदी धन्य वाटत होतं.

आत गेल्यावर सरकारी बाजूच्या प्रेझेंटिंग ऑफिसरने पहिला प्रश्न विचारला की पतीमधलं तुम्हाला काय आवडतं. बाई म्हणाल्या, "ते दयाळू आहेत, आधार देणारे आहेत आणि काळजी घेणारे आहेत."

ऑफिसर शांतपणे म्हणाले, "हेच तीन शब्द, ह्याच क्रमाने, तुमच्या जबानीच्या १२ व्या परिच्छेदात आहेत. आणि तुमच्या पतीच्या जबानीत तुमच्याबद्दलही हेच तीन शब्द आहेत. १२ व्याच परिच्छेदात."

दोन्ही जबान्या मी लिहिल्या होत्या. आमच्या ऑफिसचं टेम्प्लेट आहे ते. न्यायाधीशांनी बाईंकडे नाही, आमच्या टेबलाकडे बघितलं. मी पाण्याचा ग्लास उगाच जवळ ओढला. बॉस वहीत काहीतरी लिहीत होते, नंतर बघितलं तर नुसत्या रेघा होत्या.

मग मुलगी. "तुमच्या स्वतःच्या मुलीलाच हे लग्न मान्य नाही, बरोबर?" बाई म्हणाल्या हो. बस, एवढंच. माझ्या कागदावर ह्याचं चांगलं चार ओळींचं उत्तर होतं, ते त्या विसरल्या.

आणि मग कॉल. "१४ तारखेला पाच तास बारा मिनिटं. १५ ला चार तास पन्नास. १६ ला परत पाच तास. एवढा वेळ तुम्ही दोघं काय बोलता?"

माझ्या चाळीस प्रश्नांत हा प्रश्न होता. उत्तर असं होतं की आम्ही आमच्या भविष्याबद्दल, कुटुंबाबद्दल आणि दिवसभरातल्या घडामोडींबद्दल बोलतो. बाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, हातातला चष्मा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"मी झोपलेली असते."

"आणि तुमचे पती?"

"ड्यूटीवर. त्यांना जागं राहायचाच पगार मिळतो."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मग बाई जे बोलल्या ते मी पहिल्यांदाच ऐकत होते, एवढे महिने फाइल माझ्याकडे असून. त्या फोन शेजारच्या उशीवर ठेवतात, चार्जरला लावून. तो त्याचा फोन काउंटरवर उभा करून ठेवतो. पाच-दहा मिनिटं बोलतात आणि मग बाई दिवा घालवतात. पलीकडून लिफ्टची घंटी ऐकू येते, बॅगांची चाकं, कुणीतरी किल्ली मागतंय, तो उत्तर देतोय. "घरात कुणीतरी जागं आहे असं वाटतं," त्या म्हणाल्या, "मग मला झोप लागते. पहिला नवरा गेल्यापासून लागत नव्हती."

ऑफिसर म्हणाले, पण मग हा फोन नुसता चालू ठेवलेलाच झाला की. बाई म्हणाल्या, "हो, तेच सांगतेय मी."

बरं, ह्याला आधार काय? तर न्यायाधीश स्वतःच बंडल उलटायला लागले, त्या ३१० पानांतली पानं, ज्यांच्यावर मी कुरकुरत नंबर टाकले होते. तिकडच्या बाजूने आलेले मेसेज, इंग्लंडच्या वेळेनुसार. रात्री २.४०, "खोकतेयस. खिडकी उघडी राहिलीय का?" ३.१५, "थांबला खोकला." सकाळी ६.५० ला बाईंचं उत्तर, "मी खोकले नाही." त्यावर त्याचं, "बरं." पुढच्या आठवड्यात परत तसंच, २.०५, "आज घोरणं जास्त आहे." सकाळी, "मी घोरत नाही." "बरं." अशी पानंच्या पानं. न्यायाधीशांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्यांनी तीन पानांचे नंबर लिहून घेतले, वाकून बघितलं मी.

मग बॉस उठले फेरतपासणीला. एकच प्रश्न. मुलीच्या पत्राचा दुसरा परिच्छेद बाईंना वाचायला लावला. माझं पहिल्या ओळीच्या पुढे गेलंच नव्हतं ते पत्र. त्यात होतं, मी आईकडे राहायला गेले की शेजारच्या खोलीतून रात्रभर त्या हॉटेलच्या लिफ्टची टिंग-टिंग ऐकू येते, मला झोप लागत नाही, मी दोनदा आईला फोन बंद करायला सांगितलं, ती करत नाही. हा माणूस मला आवडत नाही पण तो रोज असतो.

बाई वाचताना मधेच थांबल्या आणि न्यायाधीशांना म्हणाल्या, "दोनदा नाही, चार-पाचदा सांगितलं तिने."

ह्या केसेसमध्ये लग्न खरं असण्याची शक्यता खोटं असण्याहून जास्त आहे एवढं पटवावं लागतं, फौजदारी खटल्यासारखं वाजवी शंकेपलीकडे नाही. तरी बाहेर आल्यावर मला खात्री नव्हती, ते १२ वे परिच्छेद डोळ्यांसमोर नाचत होते. निकाल सहसा तिथल्या तिथे देत नाहीत, लेखी येतो. बाईंनी पार्किंगमध्ये मला माझा कागद परत दिला, घडी घालून, आणि फार प्रेमाने म्हणाल्या, "सॉरी हं, तुम्ही एवढी मेहनत घेतलीत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन आठवड्यांनी निकाल आला, अपील मंजूर. ९ आणि ११ चा मुद्दा एका ओळीत निकालात काढला होता. रात्रीच्या मेसेजवर मात्र दीड पान. आणि एक वाक्य आमच्यासाठी, की दोन्ही जबान्यांची भाषा वकिलाच्या कार्यालयातली दिसते, त्यामुळे त्यांना फारसं वजन दिलेलं नाही. बॉसनी ते वाक्य पिवळ्या हायलायटरने रंगवून माझ्या टेबलावर ठेवलं. टेम्प्लेट आता ऑफिसात कुणी वापरत नाही. म्हणजे मी तरी नाही.

व्हिसा २ वर्षं ९ महिन्यांचा मिळतो, नंतर मुदतवाढीला परत सगळं दाखवावं लागतं. नवरा इथे आल्यावर महिन्याभराने बाईंचा फोन आला, आता पुढच्या वेळेसाठी काय जपून ठेवायचं, आता तर कॉल होणार नाहीत. मी म्हटलं दोघांच्या नावाची पत्रं ठेवा, एकाच पत्त्यावर आलेली, काउन्सिल टॅक्स, बँक, पाण्याचं बिल, काहीही, फक्त तारीख दिसली पाहिजे.

"डेंटिस्टचं चालेल?" त्यांनी विचारलं. "त्याचे दात किडलेत, रात्रभर कॉफी पितो अजून. झोपत नाही तो रात्रीचा."

म्हटलं चालेल, ठेवा.