ओट्याची उंची

"काकू, जरा इथे उभ्या राहा आणि हात कोपरात वाकवा." मिस्त्रींनी आईच्या कोपरापासून टेप खाली सोडला, 10-15 सेंटीमीटर खाली भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. "ओटा इथवर."

आई रेघेकडे बघत म्हणाली, "माझं माप घ्यायचं असतं होय?"

ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. शटरचा रंग, हँडल, बिजागऱ्या यांवर घरात केवढ्या चर्चा झाल्या! जुना ओटा मात्र तिला कायम उंच पडायचा. चिरताना खांदे वर, मान आखडलेली. आणि तिच्या खांदेदुखीला सगळे वय म्हणायचे.

मिस्त्रींना मनापासून नमस्कार.

तुमच्याकडे ओट्याची उंची कुणाच्या मापाने ठरली?